पाच हजार डॉलरचं कोर्ट: जॉनी रॉटनच्या निमित्ताने टीव्हीवरच्या न्यायाचं परीक्षण

१९९७ मध्ये 'जज जूडी' या अमेरिकन कार्यक्रमात प्रतिवादीच्या जागी जॉन लायडन उभा राहिला. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचा गायक जॉनी रॉटन तो हाच. वादी होता ड्रमर रॉबर्ट विल्यम्स, पूर्वी कॅप्टन बीफहार्ट या अमेरिकन गायकाच्या बँडमध्ये वाजवलेला. लायडनच्या दौऱ्यासाठी त्याला घेतलं होतं आणि ते काम त्याच्या हातून गेलं. तक्रार दुहेरी होती. एक, करार मोडल्यामुळे बुडालेली बिदागी. दोन, लायडनने डोक्याने ढुशी मारली म्हणून मारहाणीची भरपाई. निकाल लायडनच्या बाजूने लागला.

हा तुकडा आजही लोक हसत हसत बघतात. राणीच्या राज्याला शिव्या घालून नाव कमावलेला माणूस आणि समोर कुणाचंही ऐकून न घेणारी बाई, एवढ्यावरच तो पाहावासा वाटतो. पण करमणूक बाजूला ठेवली तर हा कार्यक्रम एक सेवाही देत होता. दोन माणसांचं भांडण घ्यायचं, निकाल द्यायचा, पैसे चुकते करायचे. इथे तपासायची आहे ती ही सेवा. दौऱ्यावरच्या वादकाचे पैसे अडकले असतील तर टीव्हीच्या कोर्टात जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. तुम्ही प्रतिवादी असाल तर पाचपैकी साडेचार. वादी असाल तर अडीच, आणि तेही कागद हातात असतील तर. एकाच सेवेला दोन गुण देणं विचित्र वाटेल, पण ही सेवा बांधलेलीच तशी आहे.

विकत काय मिळतं

न्यायाधीशबाईंचा झगा, मागे अमेरिकेचा आणि न्यूयॉर्क राज्याचा झेंडा, दाराशी वर्दीतला बेलिफ. हे सगळं लॉस एंजेलिसमधल्या सनसेट ब्रॉन्सन स्टुडिओत उभारलेलं. या बाई, म्हणजे जज जूडी ऊर्फ ज्युडिथ शाइंडलिन, पूर्वी खऱ्या न्यायाधीश होत्या. १९८२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी त्यांना नेमलं, पुढे १९८६ मध्ये त्या मॅनहॅटनच्या कौटुंबिक न्यायालयात पर्यवेक्षक न्यायाधीश झाल्या. बेलिफ पेट्री हॉकिन्स बर्ड हाही तिथल्याच कोर्टातला माणूस. पण १६ सप्टेंबर १९९६ ला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बाई निवृत्त होत्या. स्टुडिओत त्यांचं कायदेशीर पद एकच होतं, लवाद. दोन्ही बाजू लवाद करारावर सही करतात, कोर्टातला दावा मागे घेतात, आणि त्या सहीमुळेच निवाडा बंधनकारक होतो. झग्यामुळे नाही.

हा फरक शब्दांचा खेळ वाटतो, पण सगळे फायदेतोटे त्यातूनच निघतात. न्यायाधीशाला अधिकार कायदा देतो, लवादाला तुमचा करार देतो. करारात जे लिहिलं नाही त्यावर लवादाला बोलता येत नाही. १९९९ मध्ये एका जोडप्याचा वस्तूंच्या मालकीचा वाद या कार्यक्रमात आला. बाईंनी त्याचा निकाल दिला आणि ओघात मुलांचा ताबा आणि भेटीच्या वेळा यांवरही हुकूम देऊन टाकला. एक पक्ष खऱ्या कोर्टात गेला आणि ब्रुकलिनच्या कौटुंबिक न्यायालयाने ताब्याबद्दलचा भाग रद्द केला, कारण सही फक्त वस्तूंच्या वादापुरती होती.

आता पैशाचा प्रवास. निकाल वादीच्या बाजूने लागला तर रक्कम प्रतिवादीच्या खिशातून जात नाही, निर्मात्यांच्या निधीतून येते. कमाल मर्यादा ५,००० डॉलर, आणि कार्यक्रम चालू होता तोवर, म्हणजे २०२१ पर्यंत, ती तेवढीच राहिली. त्याशिवाय दोन्ही बाजूंना विमानाचं तिकीट, हॉटेल, रोजचा भत्ता आणि हजेरीचं मानधन. हे मानधन काही शे डॉलरच्या पातळीवरचं. निर्मात्यांना ते परवडतं का, असा प्रश्न पडत असेल तर एकच आकडा पुरे: स्वतः बाईंचं वर्षाचं मानधन शेवटच्या काळात सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर होतं. एका खटल्याचे पाच हजार हा त्यातला चहापाण्याचा खर्च.

म्हणजे प्रतिवादी हरला तरी त्याचं काही जात नाही. उलट त्याच्यावरचा दावा संपतो, तोही दुसऱ्याच्या पैशाने. जिंकला तर प्रश्नच नाही. त्याला गमवायची असते ती फक्त अब्रू, आणि लायडनच्या धंद्यात त्या मालाला वेगळाच भाव असतो. साडेचार गुण याचे. अर्धा गुण कापला तो का, ते पुढे येईल.

वादीसाठी या सेवेतली खरी विकाऊ वस्तू म्हणजे वसुली. अमेरिकेतल्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात जिंकणं तुलनेने सोपं असतं, पैसे हातात पडणं अवघड. कोर्ट निकाल देतं, वसूल करून देत नाही. समोरच्याचं बँक खातं शोधा, शेरीफमार्फत जप्तीची नोटीस लावा, पगारातून कापून घ्यायचं तर त्याचा मालक कोण ते शोधा. दौऱ्यावर जगणाऱ्या संगीतकाराला ठरावीक मालक नसतो, आज या शहरात, उद्या त्या. कॅलिफोर्नियात निकाल १० वर्षं जिवंत राहतो आणि नूतनीकरणही करता येतं, पण दहा वर्षं कुणाच्या मागे लागायचं? टीव्हीवर जिंकलात तर धनादेश निर्मात्यांकडून येतो. ही एक गोष्ट खऱ्या कोर्टाला जमत नाही, आणि वादीला दिलेल्या अडीच गुणांतले दोन तिचेच आहेत.

आत कसं शिरतात आणि आत काय होतं

अशा कार्यक्रमांचे संशोधक देशभरातल्या छोट्या दाव्यांच्या फायली चाळतात, त्या सार्वजनिक असतात. काही लोक स्वतःहून अर्ज करतात. मग दोन्ही बाजूंना विचारणा होते. एक बाजू नाही म्हणाली की विषय संपला, त्यामुळे वादीने उत्साह दाखवून काही होत नाही. होकाराची किल्ली प्रतिवादीकडे असते, आणि वरच्या हिशेबामुळे तो बहुधा तयारही होतो. एक चाळणी मात्र कुठेही लिहिलेली नसते: भांडण पाहण्यासारखं हवं. थकलेल्या बिलाचा स्वच्छ, कोरडा दावा कायद्याने भक्कम आणि टीव्हीसाठी निरुपयोगी. ढुशी मारलेला पंक गायक म्हटल्यावर कोण नाही म्हणेल!

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा करता बावीसेक मिनिटं उरतात, आणि त्यात बहुतेक वेळा दोन खटले बसवायचे असतात. चित्रीकरणाच्या एका दिवसात असे बरेच खटले उरकतात. दोन्ही बाजूंची लेखी कैफियत बाईंनी आधीच वाचलेली असे. त्यामुळे वादीने 'झालं असं की' म्हणून सुरुवात केली की तिसऱ्या वाक्याला तोडलं जाई. पक्षकार उभे, साक्षीदार बसलेले. मागचे प्रेक्षक पैसे देऊन आणलेले असतात, त्यांच्या चेहऱ्यावरून आपली बाजू पटते आहे का याचा अंदाज घेऊ नये.

इथे लोक कुठे आपटतात ते सविस्तर सांगायला हवं, कारण खऱ्या कोर्टाची तयारी इथे पुरत नाही. छोट्या दाव्यांच्या खऱ्या कोर्टात पुराव्याचे नियम सैल असतात. हजर राहू न शकलेल्या साक्षीदाराचं सहीचं पत्र चालतं, न्यायाधीश त्याला किती वजन द्यायचं ते ठरवतात. शाइंडलिनबाईंच्या दालनात असं पत्र सहसा हातातही घेतलं जात नसे. 'तो मला म्हणाला की' हे शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत थांबवले जात. दौऱ्यावर काय ठरलं हे टूर मॅनेजरला माहीत आहे? मग मॅनेजरला स्वतःला उभं करा. त्याचं पत्र, ईमेल, फोनवरचं आश्वासन यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. दुसरा घात होतो तो आकड्यांत. 'माझं खूप नुकसान झालं' याला शून्य मिळतात. किती कार्यक्रम ठरले होते, प्रत्येकाचे किती, त्यातले किती झाले, सरावाचे पैसे वेगळे होते का, काम गेल्यावर त्याच तारखांना दुसरीकडे वाजवलं का आणि त्याचे किती मिळाले, हे एका पानावर लागतं. शेवटचा मुद्दा वादक हमखास विसरतात. कराराच्या कायद्यात नुकसान कमी करण्याचा प्रयत्न करणं तुमच्यावर असतं. दुसरं काम मिळालं तर ती रक्कम वजा होते, आणि शोधलंच नाही तर मिळू शकली असती तेवढी वजा होऊ शकते.

आणि तिसरं, कागद मूळ स्वरूपात न्यावेत. बँकेचं स्टेटमेंट, दौऱ्याचं छापील वेळापत्रक, विमानाचं तिकीट कुणी काढलं त्याची पावती, संदेशांच्या तारखेसह काढलेल्या प्रती. फोन बेलिफच्या हातात देऊन 'यात आहे, वर सरकवा' म्हणणारा माणूस निम्मा हरलेला असतो.

लायडनचा खटला, वादीच्या बाजूने वाचला तर

दोन दावे एका गाठोड्यात बांधणं हीच पहिली अडचण. करार मोडल्याचा दावा कागदावर उभा राहतो, मारहाणीचा अंगावर आणि साक्षीदारांवर. एक ढिला असला की दुसऱ्याची पत कमी होते. न्यायाधीशाला वाटतं, माणूस चिडलेला आहे आणि हाताला लागेल ते फेकतो आहे. आणि मर्यादा दोन्हींना मिळून एकच.

दौऱ्यासाठी घेतलेल्या वादकाचा करार बहुतेक वेळा तोंडी असतो. तोंडी करारही करारच, कॅलिफोर्नियाचा कायदा तो मानतो. पण त्यात काय ठरलं नव्हतं यावर खटले हरतात: काढून टाकायचं तर किती दिवसांची सूचना? पहिल्या कार्यक्रमाआधीच काढलं तर काही देणं लागतं का? वादकाने स्वतःहून सोडलं की त्याला काढलं, हे कशावरून ठरवायचं? दौऱ्यातल्या भांडणात हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग पडतो. रागाच्या भरात 'मग करा तुमचं तुम्ही' म्हणून खोलीबाहेर गेलेल्या माणसाने काम सोडलं, असं समोरचा शपथेवर सांगू शकतो. अशा वेळी त्याच रात्री पाठवलेला दोन ओळींचा संदेश, 'मी काम सोडलेलं नाही, उद्याच्या सरावाला तयार आहे', नंतरच्या तासाभराच्या साक्षीपेक्षा जास्त कामाचा.

मारहाणीचं तर आणखी कठीण. पोलिसांकडे नोंद, त्याच दिवशीचा डॉक्टरचा कागद, जखमेचं तारीख दिसणारं छायाचित्र आणि ज्याला दोन्ही बाजूंचं काही देणंघेणं नाही असा एक साक्षीदार. या चारपैकी किमान दोन नसतील तर हा दावा टीव्हीवर मांडू नये. बँडमधली माणसं साक्षीला आली तरी ती गायकाच्या पगारावर असतात, आणि उद्याही त्यांना त्याच गाडीतून जायचं असतं.

आता कॅमेऱ्याचा प्रश्न. लायडन वीस वर्षं मंचावर आणि मुलाखतींत लोकांना डिवचत आलेला. त्याला तिथेही आवरावं लागलं, बाईंनी आवरलंही. पण असा माणूस गप्प राहा म्हटल्यावरसुद्धा पडदा व्यापून राहतो. खऱ्या कोर्टात याने फारसं बिघडत नाही. स्टुडिओत काय ठेवायचं आणि काय कापायचं हे संपादक ठरवतो, आणि रटाळ पण महत्त्वाचा हिशेब कापला जातो. निकाल त्यामुळे बदलतो असं नाही, तो आधीच दिलेला असतो. पण लोकांच्या लक्षात तुमचा खटला कसा राहील ते संपादनाच्या टेबलावर ठरतं. वाद झाला त्या साली हा भाग एकदा प्रसारित होऊन विरून जाईल असं कुणालाही वाटलं असतं. इंटरनेटने तसं होऊ दिलं नाही. चित्रीकरणाची मालकी निर्मात्यांची असते आणि ते खाली उतरवण्याचा हक्क तुम्हाला नसतो. प्रतिवादीचा अर्धा गुण इथे कापला. नावाजलेल्या गायकाला ही फुकटची जाहिरात असते, पण ज्याला पुढच्या वर्षी दुसऱ्या बँडकडे काम मागायचं आहे त्या वादकाला 'टीव्हीवर मालकाला कोर्टात खेचणारा' ही ओळख परवडेलच असं नाही.

निकाल शेवटचा, म्हणजे किती शेवटचा?

जवळजवळ पूर्ण. लवादाचा निवाडा रद्द करण्याची कारणं १९२५ च्या संघीय लवाद कायद्यात मोजकी आहेत: फसवणूक किंवा लाचलुचपत, उघड पक्षपात, सुनावणीतला गंभीर गैरप्रकार, आणि लवादाने दिलेल्या अधिकाराबाहेर जाणं. कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, पुरावा नीट पाहिला नाही, हे यात बसत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या मोंचार्श खटल्यात हे स्पष्टच केलं. मुदतही तोकडी, संघीय कायद्याखाली तीन महिने, कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली १०० दिवस.

ऐकायला हे वादीवर अन्याय केल्यासारखं वाटतं, पण तुलना कशाशी करायची ते पाहावं. कॅलिफोर्नियाच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात हरलेल्या वादीला स्वतःच्या दाव्यावर अपील करताच येत नाही. अपील फक्त प्रतिवादीला, ३० दिवसांत, आणि तिथे नव्याने सुनावणी होते, वकीलही चालतो. म्हणजे टीव्हीवर जाऊन वादी जे गमावतो ते बरंचसं त्याच्याकडे नव्हतंच. अपिलाचा हक्क सोडतो तो प्रतिवादी, आणि त्याला तो लागतच नाही, कारण पैसे दुसरा भरतो. या रचनेचं कौतुक करायलाच हवं, ज्याने आखली त्याला दोन्ही बाजूंचं मन कळलेलं होतं.

तिच्यात एक भोकही आहे. हरणाऱ्याचं काही जात नसेल तर दोन मित्र ठरवून भांडू शकतात. २०१० मध्ये दाखवलेल्या एका भागात वरून टीव्ही पडून मांजर मेल्याचा खटला होता. २०१३ मध्ये त्यातल्या एकाने सांगून टाकलं की सगळं रचलेलं होतं. संगीत आणि कला या वर्तुळातल्या मित्रांनी मिळून तो घाट घातला होता, निकालाचे पैसे आणि हॉलिवूडची सहल दोन्ही पदरात पाडून घेतली. खऱ्या कोर्टात असं नाटक करण्यात कुणाला काय मिळणार! वादी-प्रतिवादी दोघांचा खर्च तिसरा करतो तिथेच ही कल्पना सुचते.

मग जायचं कुठे

पैशाचा साधा दावा असेल तर आधी छोट्या दाव्यांचं कोर्ट पाहावं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात तिथली मर्यादाही ५,००० डॉलरच होती, त्यामुळे त्या काळी टीव्हीवर जाण्यात रकमेचं नुकसान नव्हतं. १ जानेवारी २०२४ पासून व्यक्तीसाठी ती १२,५०० झाली आहे. टीव्हीची बाजू इथे स्पष्टपणे कमी पडते. अर्जाचा नमुना एससी-१००, शुल्क रकमेप्रमाणे ३० ते ७५ डॉलर, सुनावणीत वकील नाही. समन्स बजावण्याची मुदत सांभाळावी लागते: प्रतिवादी त्याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) असेल तर सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी, बाहेरचा असेल तर २०. दौऱ्यावरच्या माणसाला समन्स बजावणं हेच इथलं खरं दुखणं. कार्यक्रमाची जागा आणि वेळ जाहीर असते, त्या दिवशी मागच्या दाराशी समन्स बजावणारा माणूस उभा करणं हा जुना आणि चालणारा उपाय. स्वतः वादीने बजावलेलं चालत नाही. आणखी एक अट, २,५०० डॉलरच्या वरचे दावे एका वर्षात दोनच करता येतात.

वादक कायद्याच्या नजरेत कर्मचारी ठरत असेल तर राज्याच्या कामगार आयुक्ताकडे वेतनाचा दावा फुकट दाखल होतो, रकमेची ती मर्यादाही नसते. कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटी, इथेच पहिली कुस्ती होते, हे धरून चालावं. काम संगीतकारांच्या संघटनेच्या करारावर घेतलेलं असेल तर थकबाकीसाठी आधी संघटनेलाच गाठावं.

गाण्यांचे हक्क, बँडचं नाव, रॉयल्टी असले वाद टीव्हीच्या जवळपासही नेऊ नयेत. पाच हजारांच्या मापात ते बसत नाहीत आणि निकालाला कारणमीमांसा लागते. लायडनचंच पाहा. सेक्स पिस्टल्सचा मॅनेजर माल्कम मॅक्लॅरेनविरुद्ध लंडनच्या हायकोर्टातलं भांडण १९७९ पासून १९८६ पर्यंत चाललं, पण शेवटी तडजोडीत बँडच्या कमाईचा आणि हक्कांचा ताबा बँडकडे आला. २०२१ मध्ये त्याच हायकोर्टात तो हरला. टीव्ही मालिकेत गाणी वापरू द्यायची की नाही यावर बँडमधले साथीदार स्टीव्ह जोन्स आणि पॉल कुक एका बाजूला, लायडन दुसऱ्या. १९९८ च्या बँड करारात बहुमताने निर्णय घ्यायचा असं लिहिलेलं होतं आणि न्यायमूर्ती सर अँथनी मान यांनी तेच लागू केलं. कागदावर सही असली की आवाज कितीही मोठा असो, त्याचा उपयोग होत नाही. १९९७ च्या त्या स्टुडिओत वादीकडे असा एखादा कागद असता तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न गमतीचा आहे.

इतर दुकानांबद्दल थोडक्यात. 'पीपल्स कोर्ट' १९८१ मध्ये न्यायाधीश जोसेफ वॉपनर यांच्यासह सुरू झालेलं, २०२३ मध्ये थांबलं. लवाद करार आणि निर्मात्यांच्या निधीतून पैसे ही पद्धत रुजवण्याचं श्रेय त्याचं. वॉपनर पक्षकाराचं वाक्य पूर्ण होऊ देत, एवढ्यासाठी तरी जुने भाग पाहावेत. 'हॉट बेंच' २०१४ चं, तीन न्यायाधीशांचं. तिथे मतभेद कॅमेऱ्यासमोर होतात आणि निकाल असा का, हे जरा तरी कळतं. गुंतागुंतीच्या कराराच्या वादाला या कार्यक्रमांतलं तेच बरं. शाइंडलिनबाईंच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'जूडी जस्टिस'मध्ये मर्यादा १०,००० डॉलरवर गेली, ती वाढ फार आधी व्हायला हवी होती.

हे सगळं वाचूनही टीव्हीवर जायचंच असेल, आणि दावा हजार-दीड हजाराचा, कागद चोख आणि समोरचा फाटका असेल तर जरूर जावं, सहीपूर्वी तीन जागा तपासाव्यात. लवाद करारात वाद कोणत्या शब्दांत मांडला आहे? 'या प्रसंगातून निघणारे सर्व दावे' असं असेल तर पाच हजारांच्या मोबदल्यात मोठा दावाही बुडू शकतो, जखम पुढे चिघळली तरी. हजेरीचं मानधन हे उत्पन्न आहे, त्यावर कर लागतो, ते हिशेबात धरावं. आणि कोर्टातला मूळ दावा मागे घेताना तो पुन्हा दाखल करण्याची मुभा राखूनच घ्यावा. चित्रीकरण रद्द झालं, प्रतिवादी विमानात बसलाच नाही, असं होतं. कॅलिफोर्नियात तोंडी कराराच्या दाव्याला २ वर्षं, लेखी कराराला ४ आणि मारहाणीला २ वर्षं मिळतात. निर्मात्यांच्या फोनची वाट पाहताना हे दिवस मोजणं थांबत नाही.